मोठ्यानं की मनात

सापगाव, ता. शहापूर
शनिवार, १२ ऑगस्ट २०२३

ताईस भागीचा नमस्कार.

ताई गो, फोनवर तुला आता काय आयकू येत नाय. मी वरडून बोलले की शेजारी म्हनतात, हिच्या घरात भांडन लागलं. म्हनून लिवते. चौथीचं अक्षर हाय, हसू नको. सुदाम पाळक दुसऱ्या रविवारी शहापूरला येतात आनि पयल्या रविवारी तुमच्या मुरबाडला. ते म्हनाले, चिठ्ठी मी पोचवीन.

चैत्रात यांच्या अंगावरून वारं गेलं ते तुला ठाव हाय. उजवा हात तसाच लोंबतोय. बोलनं अडखळतं, पन समजतं. डाक्टर म्हनतात व्यायाम करा, जास्त आशा धरू नका. लावनी दिरानं उरकून दिली.

मी शहापूरच्या ख्रिस्ती संगतीत चार रविवार मागं बसून आले. यांनी आडवलं नाय. म्हनाले, तू तुझं कर, देव्हारा मी बघतो. पन तिथं सगळ्या बाया बोलतात आनि मी आपली गप. नथूदाजी गेले तवा मी तुझ्याकडं नऊ दिवस व्हते. तू रोज पहाटे डोळे मिटून बसायचीस, बोलायचीस, आनि उठलीस की तुझं तोंड धुतल्यागत दिसायचं. ते मला पायजे. मला प्रार्थना शिकव. बालवाडीतल्या पोरांना शिकवायचीस तसं, अगदी पयल्यापासून.

देवाला तू म्हनायचं की तुमी? मोठ्यानं बोलायचं की मनात? डोळे मिटलेच पायजेत का?

दीप्ती येते का गो माहेरी तुझ्याकडं? लई दिवस झाले तिला बघून.

तुझी
भागी


सिद्धगड पायथा, ता. मुरबाड
रविवार, ३ सप्टेंबर २०२३

प्रिय भागीरथीस, प्रभूमध्ये सलाम.

तुझं पत्र पाळकांनी आज दिलं. वाचून आनंद झाला. बावीस वर्षं तुझ्यासाठी हेच मागत होते. महादूरावांनी तुला अडवलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

आता नीट वाच. देवाला 'तू' म्हणतात, कारण तो बाप आहे. डोळे मिटावे, नाहीतर चूल दिसते, मांजर दिसतं. आणि मोठ्याने बोलावं. मनातली प्रार्थना भरकटते. तोंडाने बोललं की वाक्य पुरं करावं लागतं.

आधी स्तुती करायची, मग आपल्या पापांची कबुली, मग उपकार मानायचे आणि मगच मागणं. शेवटी 'येशूच्या नावाने मागते, आमेन' म्हणायला विसरू नकोस. दुसऱ्यासाठी मागताना मोघम मागू नये. नाव घ्यावं, अडचण काय आहे ते सविस्तर सांगावं. सुरुवातीला प्रभूची प्रार्थना पाठ कर, ती पाळकांच्या पुस्तिकेत आहे.

घाबरू नकोस, सवयीने येतं. मलाही पहिल्याच दिवशी जमलं नव्हतं. आता आमच्या मंडळीत कोणी आजारी पडलं तर माणसं आधी माझ्याकडे येतात, मग पाळकांकडे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही.

दीप्तीचं विचारलंस. कल्याणला नोकरी आणि सासर, तिला वेळ कुठला? वडील गेले तेव्हा आली ती शेवटची, नंतर तीन वर्षांत येणं झालं नाही. मी रोज तिचं नाव घेते.

तुझी ताई
जानकी


सापगाव
शनिवार, ९ सप्टेंबर २०२३

ताई गो,

अजून पाळकांकडनं तुझी चिठ्ठी यायचीय, पन मला राहवलं नाय म्हनून आधीच लिवून ठेवते. मी आपल्या मनानंच सुरू केलंय. डोळे मिटले की झोप लागते. परवा बसल्या बसल्या कपाळ भिंतीवर आपटलं. हे हसले. आजारपनानंतर पयल्यांदा आवाज काढून हसले, तर मीबी हसले. मग म्हटलं आता ही प्रार्थना मोडली की काय.

(रविवारी लिवते. चिठ्ठी मिळाली. पाळकांना पाच मिन्टं थांबवून ठेवलंय.)

तू सांगितलेलं सगळं समजलं. स्तुतीचंच अवघड जातंय. मला मोठे शब्द येत नायत. देवा तू चांगला हायस, एवढं बोलून झालं की पुढं काय? तुझ्यासारखं ओघानं मला सात जन्मांत जमायचं नाय. तू शिकलेली.

दीप्तीसाठी मीबी आजपासून मागते.

भागी


सिद्धगड पायथा
रविवार, १ ऑक्टोबर २०२३

भागीरथीस सलाम.

सुदाम पाळकांनी आज उपासनेनंतर सगळ्यांसमोर तुझी गोष्ट सांगितली. गेल्या महिन्यात तू शहापूरच्या संगतीत उभी राहून प्रार्थना केलीस म्हणे. मला नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी ती कागदावर लिहून दिली. कागद माझ्यासमोर आहे.

"देवा, मी महादूची बायको भागी. याच्या हाताचा मला राग येतो. काल आंघोळ घालताना मी त्या हाताला चिमटा काढला. त्याला कळलं, पन तो बोलला नाय. मला माफ कर आनि उद्या चिमटा काढू देऊ नको. आमेन."

पाळक म्हणाले, तिथल्या बाया रडल्या. आमच्या बायांनीही डोळ्यांना पदर लावले. ज्या शांताबाईच्या पोराच्या तापात मी तीन दिवस उपास धरून बसले होते, तीसुद्धा मला म्हणाली, "तुमच्या बहिणीला एकदा इकडे आणा की."

चांगलं आहे. पण तुला शिकवायला घेतलं आहे म्हणून सांगणं भाग आहे. यात स्तुती कुठे आहे? उपकार कुठे मानलेस? आणि 'येशूच्या नावाने' हे तर तू गाळलंच. लोक रडले म्हणजे प्रार्थना झाली असं नसतं. नवशिक्या माणसाचं सगळ्यांना कौतुक वाटतं. ते कौतुक डोक्यात जाऊ देऊ नकोस. मी तुझ्या भल्यासाठी सांगते.

दोन महिन्यांपूर्वी तुला देवाला तू म्हणतात की तुम्ही, हेही ठाऊक नव्हतं, एवढं विसरू नकोस.

जानकी


सापगाव
शनिवार, ७ ऑक्टोबर २०२३

ताई गो,

पाळक आज एक दिवस आधीच आलेत, तुझं पत्र वाचलं. चुकलं माझं. मी उभी राहनार नव्हते, शेजारच्या बाईनं ढकललं. पाळक ते तिकडं सांगतील असं मला काय ठाव? आता स्तुती आधी घेते. तू लिवलेलं डब्याच्या झाकनाला चिकटवलंय.

या महिन्यात घरात काम वाढलंय, म्हनून संगतीत जाता येत नाय. दोन वेळचं गरम, दूध, फळं बघावं लागतं. एक गोष्ट हाय ताई, पन ती माझी नाय, म्हनून सांगता येत नाय. रागावू नको.

एक विचारू का? दीप्तीसाठी तू रोज मागतेस, तर काय मागतेस? ती यावी असं, की ती बरी राहावी असं?

भागी


सिद्धगड पायथा
सोमवार, ६ नोव्हेंबर २०२३

भागीरथी,

हे पत्र पाळकांच्या हाती देत नाही. पोस्टाने पाठवते आहे.

काल उपासना संपल्यावर पाळक माझ्याजवळ येऊन हसत काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मी हात कानामागे धरला. मग त्यांनी ओरडून सांगितलं, "दीप्तीचा सातवा महिना ना? सापगावला भेटली, तब्येत छान आहे!" मला ऐकू येईपर्यंत सगळ्या मंडळीने ऐकलं होतं. बायका माझ्याकडे बघत होत्या. आपल्या लेकीला दिवस गेलेत हे आईला माहीत नव्हतं, हे त्यांना माझ्या तोंडावरूनच कळलं असेल. मी म्हणाले, "हो, मीच पाठवलंय तिला." देवाच्या घरात उभी राहून खोटं बोलले, तुझ्यामुळे.

दूध, फळं आणि दोन वेळचं गरम. मला वाटलं होतं महादूरावांसाठी. मी तुझ्या घरकामाची कीव केली होती.

पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि ती माहेरपणाला मावशीकडे! तीन वर्षं मी गुडघे झिजवले. पहाटे उठून तिचं नाव घेतलं, उपास धरले. आणि तू एक महिना डोळे मिटून बसलीस, भिंतीवर कपाळ आपटून घेतलंस, तर ती तुझ्या दारात. देव तुझंच ऐकतो असं म्हणायचं आहे का तुला? म्हणूनच विचारत होतीस, मी काय मागते ते?

तुला मूल नाही म्हणून माझं घेतलंस.

आता मला काही विचारू नकोस. तुझं तुला सगळं येतं.

जानकी


सापगाव
गुरुवार, १६ नोव्हेंबर २०२३

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मीबी पोस्टानं पाठवते.

सप्टेंबर संपताना एका दुपारी जावई आदेशराव दीप्तीला घेऊन रिक्षातनं उतरले. डाक्टरनं तिला पडून राहायला सांगितलेलं. कल्याणच्या घरी चार जिने, आनि सासूची बोलनी. ती म्हनाली, "मावशी, आईला सांगनार नसशील तरच राहते." मी शपथ घेतली. मग तिनं डब्यावरची तुझी चिठ्ठी वाचली. दुसऱ्यासाठी मागताना नाव घ्यावं, सविस्तर सांगावं, तिथं आली आनि थांबली. भिंतीकडं तोंड करून निजली. संध्याकाळी उठून मला सगळं बोलली.

ताई, तू मला सांगितलंस तिला वेळ नाय. तसं नव्हतं. तिला दोनदा दिवस गेले आनि दोनदा तिसऱ्या महिन्यात पोट रिकामं झालं. ती तुला एकटीला सांगायला आली. नवऱ्याशिवाय कुनालाच ठाव नव्हतं. आनि तू ईस्टरच्या उपासनेत उभी राहून तिचं नाव घेऊन सगळं देवाला सांगितलंस. ती मागच्या बाकावर बसली व्हती. आठ दिवसांत ते कल्याणला सासूच्या कानावर गेलं. सासू आदेशरावांना म्हनाली, दुसरी बघू. ते पोरगं भलं, म्हनून संसार टिकला. दीप्ती म्हनते, "आईनं माझं दुखनं चाळीस मानसांत वाटलं आनि त्याला प्रार्थना म्हनाली."

हे लिवताना मला बरं वाटत नाय. पन तू मला चोर म्हनलीस, म्हनून लिवते.

आता माझंबी सांगते, कारन तूच शिकवलंस कबुली आधी. मी शपथेपायी गप्प बसले हे खरं, पन अर्धंच. मला ती इथं आल्याचं लई गोड वाटलं. ती तुझ्याकडं न जाता माझ्याकडं आली याचं जास्त गोड वाटलं. तिला तेल लावताना मनात म्हनायचे, आता बघ म्हनावं जानकीला. तुला शाळेत घातलं आनि मला गुरांमागं. तुला नोकरी लागली. दीप्ती झाली तवा मी बारशाला आले नव्हते, ताप आलाय म्हनून निरोप धाडला व्हता. ताप नव्हता गो. मी घरात दार लावून बसले व्हते. आनि प्रार्थना शिकव म्हनून तुला लिवलं तेबी त्यातलंच. तुझ्याकडं असलेलं एक तरी मला मिळावं म्हनून.

हे सगळं मी देवाला सांगितलंय. स्तुती नाय केली. येशूचं नाव घेतलं.

ती बरी हाय. पोट आता चांगलं दिसतं. तुझं पत्र तिला दाखवलं नाय.

भागी


सिद्धगड पायथा
रविवार, ३ डिसेंबर २०२३

भागी,

दहा दिवस तुझं पत्र पवित्र शास्त्राच्या पुस्तकाखाली ठेवलं होतं. त्या दहा दिवसांत माझ्याच्याने प्रार्थना झाली नाही. पहाटे बसायचे. स्तुतीचे शब्द यायचे, पण ते पाठ केलेल्या कवितेसारखे तोंडातून निघून जायचे. अकराव्या दिवशी मी गप्प बसले. मग एवढंच निघालं, "भागीचा मला हेवा वाटतो. तिचं घर जळावं असं वाटतं." मी दचकून डोळे उघडले. बावीस वर्षांत असलं काही मी देवासमोर बोलले नव्हते. सांगण्यासारखं निवडूनच सांगत आले होते.

एकदा ते बोलले आणि मग दुसरं आलं. ते तुला लिहिते.

त्या ईस्टरला माझी प्रार्थना फार चांगली झाली होती. आवाज लागला होता. बायका हुंदके देत होत्या. बाहेर आल्यावर तिघींनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, जानकीबाई, काय बोललात! आणि भागी, मला ते आवडलं. माझी लेक चपला घालून एकटी फाटकाबाहेर चालली होती, ते मला दिसत होतं, आणि तरी मी त्या बायकांचं ऐकत उभी राहिले. हे आवडल्याचं मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. नथूलाही नाही.

तुला मुलाबाळावरून बोलले. ते शब्द परत घेता येत नाहीत. मला माफ कर. बारशाचं मी विसरले. तूही विसर.

दीप्तीला सांग, मी तिची माफी मागते. यायला सांगत नाही. मी यावं का, तेही विचारत नाही. ती ठरवील. देवाकडे सध्या मी तिच्यासाठी काहीच मागत नाही, फक्त मनात तिचं नाव घेते आणि थांबते.

ताई


सापगाव
मंगळवार, १९ डिसेंबर २०२३

ताई गो,

पत्र दीप्तीला दिलं. तिनं वाचून उशाखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी वाल सोलता सोलता एकदम म्हनाली, "आईला ये म्हनावं. पन माझ्यावर हात ठेवायचा नाय. मोठ्यानं काय बोलायचं नाय. मंडळीला काय सांगायचं नाय."

मी म्हटलं, लिवू का असंच? म्हनाली, असंच लिव.

डाक्टरनं तारीख जानेवारीच्या मधली दिलीय. तू नाताळ उरकून ये. सरळगाव, किन्हवली करत यष्टी येते, शहापूरला उतर, मी स्टँडवर येते. तुझ्या कानाचं यंत्र वाजतं का शिट्टीगत अजून? ते नाय आनलं तरी चालेल, इथं पाटी-पेन्सल हाय, हे त्यावरच लिवतात डाव्या हातानं.

तू येनार म्हनून मला आनंद हाय. आनि थोडा नाय बी. खरं ते लिवलं.

भागी


सिद्धगड पायथा
रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

प्रिय भागीस सलाम.

काल पोचले. घर बंद होतं तर उंदरांनी तांदळाची पिशवी कुरतडली आहे, बाकी ठीक. महिना तुझ्याकडे काढला, पण तुझ्याशी बोलायचं राहिलंच. तुझ्यासमोर ते तोंडाने बोलवत नव्हतं.

दवाखान्यात त्या बाकावर आपण दोघी सहा तास बसलो होतो. तुझे ओठ हलत होते. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते, कारण आत जावं, तिच्या कपाळावर हात ठेवावा आणि मोठ्याने बोलावं असं इतकं वाटत होतं की हात मोकळे ठेवायची भीती वाटली. मनात नीट काही येत नव्हतं. तिचं नाव, आणि मग नुसतं 'बापा'. एवढंच, सहा तास. मग बाळ रडलं. मला ते ऐकू आलं नाही, भागी. तुझ्या तोंडावरून मला कळलं. माझ्या नातीचं पहिलं रडणं तू ऐकलंस आणि मी ते तुझ्याकडून घेतलं. तेव्हाही मला झोंबलं. आनंदाच्या मधोमध झोंबलं.

नंतर घरीही तेच. तुझ्या मांडीवर ती निजायची आणि माझ्याकडे दिली की तोंड एवढं उघडायचं. आवाज येत नव्हता तरी तिचं लालबुंद तोंड मला दिसत होतं. चौथ्या दिवशी मी उठून परसात गेले ते तुला वाटलं वालाच्या शेंगा तोडायला. मी तिथे उभी राहून मनात म्हणाले, "प्रभू, आजही वाटतोय हेवा. आज कालच्यापेक्षा जास्त." महादूराव परसातल्या खाटेवरून बघत होते. त्यांना काय कळलं कोण जाणे, डाव्या हाताने स्टूल सरकवलं माझ्याकडे. बसले. हेवा गेला नाही. पण तो लपवावा लागत नव्हता, म्हणून आत येऊन पोरीचं दुपटं बदलता आलं.

दीप्ती माझ्याशी फार बोलली नाही, ते तू पाहिलंस. तिने एकदाही 'आई' लिहून हाक मारली नाही. पण निघायच्या आदल्या दिवशी तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि आंघोळीला गेली. दाराशी थांबून मागे वळून बघेल असं वाटलं होतं. ती बघायला थांबली नाही, सरळ गेली. मी बराच वेळ बाळाला धरून तशीच उभी होते.

आता आजचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. सकाळी उपासनेला गेले. सगळ्यांना कुठून तरी कळलेलंच होतं की मी सापगावी होते. सुदाम पाळकांनी हाताने खूण करून मला उभं केलं, उपकारस्तुती करा म्हणून. मी उभी राहिले. सगळी तोंडं माझ्याकडे. सगळं ओठांशी आलं, भागी, दीप्तीचं दोनदा पोट रिकामं होणं, ती तीन वर्षं, तो दवाखाना, पोरीचं इवलं तोंड. अशी प्रार्थना झाली असती की आजवर केली नाही. शांताबाईने आधीच पदर हातात घेतला होता.

मी म्हणाले, "थांबा, मला एकीला विचारायचं आहे." आणि खाली बसले.

पाळकांना वाटलं मला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा खूण केली. मी मान हलवली.

तर दीप्तीला विचार. मुलगी झाली, एवढं मंडळीत सांगू का? मागचं काही नाही, महिने नाहीत, वजन नाही. फक्त मुलगी झाली आणि दोघी बऱ्या आहेत, असं. ती नाही म्हणाली तर नाही. घाईने विचारू नकोस, तिला निवांत असेल तेव्हा विचार, आणि ती म्हणेल तेच लिही.

तुझी
ताई